स्कॉन म्हणावं की स्कौन?

मैदा, लोणी, दूध, थोडी साखर आणि बेकिंग पावडर. एवढ्यात होणारा, तळहातावर मावणारा जाडसर गोल पदार्थ. मधोमध उकलायचा, जॅम लावायचा, वर घट्ट क्रीम, सोबत चहा. ब्रिटनमधल्या जवळजवळ कुठल्याही टी-रूममध्ये तो मिळतो आणि पाटीवर स्पेलिंगही सगळीकडे एकच असतं: एस, सी, ओ, एन, ई. भांडण आहे ते तोंडाने म्हणायचं काय, यावर. एक पक्ष त्याचं यमक ‘गॉन’शी जुळवतो, दुसरा ‘बोन’शी. दोन्ही पक्षांना आपलंच खरं वाटतं, आणि शब्दकोश दोन्ही उच्चार देऊन मोकळे होतात.

पुण्याहून तिकडे शिकायला किंवा नोकरीला निघालेली मंडळी हमखास विचारतात, ‘मग बरोबर कोणतं?’ शुद्ध-अशुद्धाची आपल्याला भारी हौस, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण या शब्दाच्या बाबतीत तो विचारून काही हाती लागत नाही. ‘कुठे काय म्हणतात?’ असं विचारलं तर मात्र बऱ्यापैकी नेमकं उत्तर देता येतं.

नकाशा काय सांगतो

२०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅड्रियन लीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोबाइल अ‍ॅप काढलं. तुम्ही अमुक शब्द कसा म्हणता, अमुक वस्तूला काय म्हणता, असे २६ प्रश्न. उत्तरं दिली की अ‍ॅप तुमचं गाव ओळखायचा प्रयत्न करायचं; मग तुम्ही खरं गाव सांगायचं. हजारो लोकांनी ते केलं आणि त्यातून जे नकाशे तयार झाले त्यातला याच शब्दाचा नकाशा सगळ्यात गाजला.

स्कॉटलंड जवळपास अख्खं ‘गॉन’च्या बाजूचं. इंग्लंडचा उत्तर भागही तिकडेच झुकलेला, आणि उत्तर आयर्लंडही. याच्या उलट आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि इंग्लंडचा मधला पट्टा, ज्याला मिडलंड्स म्हणतात, हे ‘बोन’चे बालेकिल्ले. दक्षिण इंग्लंडात सगळी सरमिसळ. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात दोन्ही ऐकू येतात. संपूर्ण ब्रिटन धरलं तर ‘गॉन’वाल्यांचं पारडं जड आहे, किती जड ते पाहणीगणिक बदलतं. काही पाहण्यांत ते निम्म्याच्या थोडेच वर असतात, तर काहींत दोन-तृतीयांशाच्या आसपास.

अशा अ‍ॅपवरच्या आकड्यांकडे बघताना एक भान ठेवावं लागतं. लोक स्वतः काय म्हणतात ते ते स्वतःच सांगतात, कुणी ऐकून लिहून घेत नाही. शिवाय स्मार्टफोन वापरणारा वर्ग तुलनेने तरुण. लीड्स विद्यापीठातल्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ या काळात केलेली बोलींची पाहणी नेमकी उलट्या टोकाची होती: ३१३ ठिकाणं, बहुतेक खेडी, बहुतेक वयस्कर माणसं, आणि समोर बसून उच्चार टिपून घेणारे प्रशिक्षित लोक. तिथे आवाज अचूक मिळाले, पण शहरं आणि तरुण पिढी निसटली. अ‍ॅपमध्ये माणसं भरपूर मिळाली, बारकावे निसटले. सुदैवाने आपल्या शब्दापुरतं हे फार आड येत नाही, कारण यात निवड दोनच पर्यायांतली आहे आणि आपण काय म्हणतो हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. एखादा आवाज जरासा पुढून येतो की मागून, हे मात्र कोणी स्वतःबद्दल सांगू शकत नाही.

तर निघणाऱ्यांसाठी: एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, न्यूकासल इथे डोळे झाकून ‘गॉन’सारखं म्हणा. बेलफास्टलाही तेच. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर या बाजूला ‘बोन’सारखा उच्चार भरपूर कानावर पडेल. डब्लिनलाही तोच. लंडनमध्ये काहीही चालतं, फक्त त्यावरून एखादी कोपरखळी ऐकायची तयारी ठेवा. त्याही पुढे जायचं असेल तर, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात ‘गॉन’, अमेरिकेत मुख्यतः ‘बोन’. अमेरिकेतला पदार्थ मात्र वेगळाच असतो: त्रिकोणी, बराच गोड, वर बहुधा साखरेचा पाक.

देवनागरीत कसं बसवायचं

इथे खरी गोम आहे. ‘स्कॉन’ आणि ‘स्कोन’ असं लिहून मोकळं होता येतं, पण मराठी माणसाने ते लिहिलं तसं वाचलं तर दोन्ही वेळा नेम थोडा चुकतो, आणि दर वेळी वेगळ्या कारणाने.

आधी ‘स्कॉन’. आपला ‘ऑ’ लांब असतो. ‘ऑफिस’, ‘डॉक्टर’, ‘कॉट’ हे शब्द म्हणून पाहा. आपण ‘ऑ’वर निवांत बसतो. इंग्रजी ‘गॉन’मधला स्वर आखूड आहे, आपल्या ऱ्हस्व ‘अ’इतकाच. तो लांबवला तर दक्षिण इंग्लंडच्या माणसाला ‘स्कॉर्न’ ऐकू येतं, कारण तो त्या शब्दातला ‘र’ म्हणतच नाही. तिकडे त्याचा उच्चार नुसता ‘स्कॉऽन’ असा होतो. त्याचा अर्थ तिरस्कार. काउंटरवर उभं राहून दोन तिरस्कार आणि एक चहा मागितल्यासारखं होतं. संदर्भावरून समजून घेतात म्हणा, पण चेहऱ्यावर क्षणभर प्रश्नचिन्ह दिसतं. उपाय सोपा: जबडा ‘ऑ’साठी उघडतो तेवढाच उघडा, ओठ किंचित गोल, आणि ‘न’वर झटकन उतरा. स्कॉटलंडात ही अडचणच येत नाही, कारण तिथे ‘स्कॉर्न’मधला ‘र’ ठणठणीत वाजतो आणि शब्द आपोआप वेगळा पडतो.

आता दुसरा. ‘बोन’सारखा म्हणताना आपण ‘स्कोन’ म्हणतो, आपल्या ‘ओ’ने. हा ‘ओ’ एकसंध स्वर आहे. सुरुवातीला जिथे असतो तिथेच संपतो. दक्षिण इंग्लंडचा स्वर तसा नाही. तो ‘अ’पासून निघतो आणि ‘उ’कडे घसरतो. असा स्वर मराठीत आयता आहे: ‘औ’. ‘कौल’, ‘मौज’, ‘चौक’ यांतला औ. म्हणून लंडनच्या बाजूचा उच्चार मराठीत लिहायचा तर ‘स्कौन’ हेच जास्त बरोबर. सगळे ‘फोन’, ‘होम’, ‘कोट’ आपण ओकाराने लिहीत आलो आहोत, त्यामुळे ‘स्कौन’ डोळ्याला विचित्र दिसतं, पण मोठ्याने वाचून बघा.

आपला साधा ‘ओ’ही वाया जात नाही. यॉर्कशरमध्ये आणि आयर्लंडमध्ये बऱ्याच जणांचा ‘बोन’ आपल्यासारखाच एकसंध असतो. म्हणजे मराठी वळणाने ‘स्कोन’ म्हणणारा माणूस लंडनमध्ये परका वाटेल, पण डब्लिनमध्ये बऱ्यापैकी खपून जाईल. बर्मिंगहॅमकडे हाच स्वर जास्त रुंद होतो, ‘आउ’च्या दिशेने सरकतो. आणि हल शहराची तऱ्हाच न्यारी: तिथला ‘फोन’ बाहेरच्या माणसाला ‘फर्न’सारखा ऐकू येतो, अर्थात र न उच्चारता. हल शहराच्या या सवयीवर बाकीचं इंग्लंड बरेच विनोद करतं.

एका स्पेलिंगचे दोन आवाज का?

शेवटी ‘ओएनई’ असलेले इंग्रजी शब्द एकत्र मांडले तर बहुसंख्य ‘बोन’, ‘स्टोन’, ‘टोन’ या रांगेत बसतात. पण ‘गॉन’ बसत नाही, ‘डन’ बसत नाही, ‘वन’ तर कशातच बसत नाही. ‘शाइन’चं भूतकाळी रूप ब्रिटनमध्ये ‘शॉन’ आणि अमेरिकेत ‘शोन’. म्हणजे स्पेलिंग बघून उच्चार काढणाऱ्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. आपल्याला यात नवल वाटायला नको. ‘जग’ हे लिहिलेलं अक्षर दुनियेसाठी एका ज-ने वाचायचं आणि ‘जग आता सुखाने’ म्हणताना दुसऱ्या ज-ने, हे मराठी मूल कोणी न शिकवता शिकतं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांचंही तसंच. ऐकलेला शब्द असेल तर लिपी कितीही मोघम असली तरी अडत नाही. अडतं ते शब्द आधी छापलेला भेटला की.

आणि माझ्या मते इंग्लंडच्या बऱ्याच भागात हेच घडलं असावं. शब्द मुळात स्कॉटलंडचा. तो पहिल्यांदा लेखी सापडतो तो १५१३ सालच्या एका स्कॉट्स भाषेतल्या भाषांतरात. स्कॉट्समध्ये तो शेवटच्या ‘ई’शिवायही लिहिलेला आढळतो आणि तिथला उच्चार आजही आखूड ‘ऑ’चाच आहे. पदार्थ आणि नाव सोबत जिथे पोचले, म्हणजे उत्तर इंग्लंडात, तिथे मूळ आवाज टिकला. जिथे नाव पाककृतीच्या पुस्तकातून आणि दुकानाच्या पाटीवरून पोचलं, तिथे लोकांनी शाळेत शिकलेला ‘शेवटचा ई आधीचा स्वर लांबवतो’ हा नियम लावला. सगळा नकाशा एवढ्याने उलगडत नाही हे खरं, पण उत्तर-दक्षिण फरकासाठी याहून पटेल अशी मीमांसा मला दिसत नाही.

स्कॉटलंडात पर्थजवळ याच स्पेलिंगचं एक गाव आहे. तिथे स्कॉटिश राजांचे राज्याभिषेक होत. गावाचा उच्चार या दोन्हींपैकी कुठलाच नाही, तो आहे ‘स्कून’. तिथला अभिषेकाचा दगड इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये उचलून नेला, तो १९९६ मध्ये स्कॉटलंडला परत मिळाला, आणि २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये याच नावाचं आणखी एक गाव आहे आणि त्याचा उच्चार मात्र ‘बोन’सारखा, तेही जिथे खाण्याच्या पदार्थाला सगळे ‘गॉन’सारखं म्हणतात अशा देशात. पदार्थाचा आणि या गावांचा संबंध जोडायच्या फंदात न पडलेलं बरं.

शिष्ट कोण?

पुण्यात ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांतलं काय ‘वरचं’ आणि काय ‘खालचं’ समजलं जातं, हे सांगायला नको. ती उतरंड चुकीची आहे, त्यावरून माणसं दुखावली जातात, पण ती कशी आहे याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत असतं. ब्रिटनमधल्या या शब्दाबाबत तसं एकमतच नाही. ‘गॉन’वाल्याला वाटतं की समोरचा ‘स्कौन’ म्हणून साहेबी ऐट आणतोय. ‘बोन’वाल्यालाही समोरच्याबद्दल तेच वाटतं. पाहण्यांमध्ये सुशिक्षित मध्यमवर्गात ‘गॉन’चं प्रमाण जरा जास्त निघतं, पण तोच उच्चार ग्लासगोच्या कामगार वस्तीतही सर्रास असतो. म्हणजे हा उच्चार इंग्लंडात एक सांगतो आणि स्कॉटलंडात काहीच सांगत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांना शिष्ट म्हणता येतं म्हणूनच हा तंटा मिटत नाही, असं मला वाटतं. एक बाजू उघडपणे गावंढळ ठरली असती तर ती केव्हाच गप्प बसली असती.

पुण्याच्या बिस्किटाचं काय?

हसण्याआधी आपल्या कॅम्पातल्या पुडक्याकडे बघा. ज्या बिस्किटासाठी पुण्यात सकाळी रांगा लागतात, गावी जाताना ज्याचे डबे बांधून नेतात, त्याला आपण श्रूजबेरी म्हणतो, कुणी श्रुसबेरी म्हणतं. ते नाव इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या, सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेल्या एका गावाचं. आणि त्या गावातच नावाच्या उच्चारावरून दोन तट आहेत: ‘श्रोजबरी’ आणि ‘श्रूजबरी’ (दोन्हीकडे ज ‘जरा’मधला). इथेही दोष स्पेलिंगचाच. ‘ईडब्ल्यू’ ही जोडी ‘न्यू’, ‘फ्यू’मध्ये ‘ऊ’ वाजते, पण ‘शिवणे’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदात तीच ‘सो’ वाजते, आणि ‘शो’ हा शब्दही जुन्या काळी याच जोडीने लिहीत. तेव्हा ‘श्रो’ म्हणणाऱ्यांना आधार आहे आणि ‘श्रू’ म्हणणाऱ्यांनाही.

नाही तो फक्त ‘बेरी’ला. इंग्रजी गावांच्या शेवटी येणारं ‘बरी’ म्हणजे तटबंदीचं ठिकाण. त्याचा फळाशी संबंध नाही आणि उच्चार अगदी ओझरता असतो. ‘कँटरबरी’ आपण नीट म्हणतो, मग इथेच बेरी का शिरली? बिस्किटात फळ शोधून निराश होणारे पाहुणे त्यामुळेच भेटतात. अर्थात ईस्ट स्ट्रीटवर जाऊन ‘श्रोजबरी द्या’ म्हणू नका. पुण्यात ते श्रूजबेरीच आहे, आणि पदार्थाचं नाव जिथे खाल्लं जातं तिथल्या लोकांचं.

चहाच्या टेबलावरची बाकी मंडळी

उच्चाराचा हा एकच शब्द गाजतो, पण रोज अडवतात ते दुसरेच. ‘बटर’ घ्या. उत्तर इंग्लंडात या शब्दातला पहिला स्वर आपल्या ‘उ’च्या जवळचा: ‘बुटर’. ‘बन’ तिथे ‘बुन’, ‘कप’ तिथे ‘कुप’. हा फरक सोळाव्या-सतराव्या शतकात दक्षिणेने बदल केला आणि उत्तरेने केला नाही त्यामुळे पडलेला आहे. म्हणजे जुना उच्चार उत्तरेचा. लंडन आणि ग्लासगोत आणखी एक गंमत होते, दोन स्वरांमधला ‘ट’ घशातच अडकवला जातो. जिभेचा शेंडा वर जातच नाही, गळ्यात एक छोटीशी उचकी बसते आणि पुढचा स्वर येतो. नव्या माणसाला हे ‘ब-अ’ असं ऐकू येतं आणि तो तीनदा ‘सॉरी?’ विचारतो. शेवटचा ‘र’ स्कॉटलंडात वाजतो, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला डेव्हन-कॉर्नवॉलच्या जुन्या लोकांत वाजतो, लंडनमध्ये नाही.

बाथ नावाच्या शहरावरून ओळखला जाणारा, वर खडीसाखरेसारखे दाणे असलेला बन आहे. लंडनवाला त्या शहराला ‘बाऽथ’ म्हणतो. लीड्सवाला आखूड ‘बॅथ’. खुद्द त्या भागातले जुने लोक स्वर उत्तरेसारखा ठेवतात पण लांबवतात.

नावांचा घोळ तर उच्चारापेक्षा मोठा. साध्या गोल पावाला मँचेस्टरकडे ‘बार्म’, नॉटिंगहॅम-डर्बीकडे ‘कॉब’, कॉव्हेंट्रीत ‘बॅच’, न्यूकासलला त्याच्याच मोठ्या चपट्या भावाला ‘स्टॉटी’. यॉर्कशरच्या पश्चिम भागात साध्या पावाला ‘टीकेक’ म्हणणारे लोक आहेत, तर इतरत्र टीकेक म्हणजे बेदाणे घातलेला, भाजून लोणी लावलेला गोड बन. आणि ‘टी’ला या म्हणून उत्तर इंग्लंडात कोणी बोलावलं तर नुसत्या चहाच्या तयारीने जाऊ नका. तिथे ‘टी’ म्हणजे संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यानचं मुख्य जेवण. पोट रिकामं ठेवा.

आपल्या पदार्थाचंही गोत मोठं आहे. मूळचा तो भट्टीतला नव्हताच. जाड लोखंडी तव्यावर मोठा गोल भाजून त्याचे चार तुकडे करत. बेकिंग पावडर आली ती १८४३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डमुळे. त्यानंतर आजचा उंच, फुललेला प्रकार सोपा झाला. स्कॉटलंडात बटाट्याचा चपटा प्रकार अजून न्याहारीला असतो, त्याला ‘टॅटी’ जोडून म्हणतात. नॉर्थम्बरलंडकडे तव्यावर चुरचुर आवाज करणारा ‘सिंगिंग हिनी’. आणि ‘ड्रॉप’ प्रकार म्हणजे पिठात अंडं घालून तव्यावर सोडलेलं छोटं जाड धिरडंच. एलिझाबेथ राणीने अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९६० मध्ये स्वतः पत्रातून कृती पाठवली होती ती याची.

पुण्याच्या स्वयंपाकघरात

उच्चार कोणताही करा, कृती तीच. ब्रिटिश कृतींत ‘सेल्फ-रेझिंग’ पीठ, म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेलं पीठ, लिहिलेलं असतं. ते इथे शोधत बसू नका. २२५ ग्रॅम मैदा, ३ सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर, ५५ ग्रॅम गार लोणी, २५ ग्रॅम बारीक साखर, सुमारे १५० मिली दूध. पिवळं खारं बटर वापरत असाल तर वेगळं मीठ नको. घरचं पांढरं लोणी असेल तर आधी त्यातलं ताक नीट दाबून काढा आणि चिमूटभर मीठ घाला.

बेकिंग पावडर उघडून सहा महिने झाले असतील तर आधी गरम पाण्यात चमचाभर टाकून बघा. जोरात फसफसली तरच वापरा. पुण्याच्या पावसाळ्यात डब्याला ओल लागते आणि पावडर डब्यातच निम्मी मरते.

ओटीजी २२० अंशांवर चांगला पंधरा-वीस मिनिटं तापवा. मैदा आणि पावडर दोनदा चाळा. लोणी अगदी गार हवं. एप्रिल-मेमध्ये ते ओट्यावर दोन मिनिटांत मऊ होतं, म्हणून तुकडे करून दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि मोठ्या किसणीवर किसून मैद्यात टाका. बोटांच्या टोकांनीच चोळा, तळहात लावू नका. तळहात गरम असतो. जाड रव्यासारखं दिसलं की थांबा. लोण्याचे न विरघळलेले कण भट्टीत वितळतात, त्यांच्या जागी वाफ होते आणि आतून पापुद्रे सुटतात. लोणी आधीच वितळलं तर मैदा ते पिऊन टाकतो आणि हाती बिस्किटासारखं काहीतरी दडदडीत येतं.

साखर मिसळा. दूध एकदम ओतू नका. दोन-तीन चमचे मागे ठेवा, कारण मैदा कधी कमी दूध पितो कधी जास्त. सुरीने कालवा. गोळा जेमतेम जमला पाहिजे, ओलसर आणि ओबडधोबड. पोळ्यांची सवय असलेला हात इथे घात करतो, तो कणीक तिंबल्यासारखा मळायला लागतो. मळलात की ग्लुटेन ताणलं जातं आणि पदार्थ चिवट होतो. दोन-तीनदा उलटवून दाबा, बस.

लाटणं न घेता हातानेच अडीच सेंटिमीटर जाड थापा. पातळ थापलेलं फुगून दुप्पट होईल या आशेवर राहू नका. कापायला धारदार कडेचा साचा हवा. स्टीलच्या वाटीची कड बोथट असते. ती पीठ कापत नाही, चेपते, आणि चेपलेली बाजू वर उठत नाही. साचा सरळ खाली दाबायचा, सरळ वर उचलायचा. फिरवलात की कड घासून बंद होते आणि एका बाजूला कललेला मनोरा तयार होतो. साचा नसेल तर सुरीने आठ पाचरी कापा. जुनी स्कॉटिश रीतही तीच.

वरून दूध लावा, पण ते बाजूंवरून ओघळू देऊ नका. ओघळ वाळला की कडा चिकटतात. ट्रेमध्ये जवळजवळ ठेवा, म्हणजे एकमेकांच्या आधाराने सरळ वर येतात. १२ ते १५ मिनिटं. ओटीजीच्या मागच्या बाजूला आच जास्त असते, त्यामुळे नवव्या-दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा. बाजूला मधोमध आडवी चीर दिसली की समजा उत्तम जमलं. ती चीरच उकलायची जागा. सुरी लावू नका, हातांनी दोन भाग करा.

दुधाऐवजी आंबट ताक वापरायचं असेल तर बेकिंग पावडर एक चमचा करा आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घाला. सोडा सढळ हाताने पडला तर पिवळे ठिपके येतात आणि साबणाची चव लागते.

आता क्रीम. तिकडे लागतं ते ‘क्लॉटेड क्रीम’. दूध किंवा मलई मंद आचेवर बराच वेळ तापवायची, न ढवळता गार करायची आणि वर जमलेला जाड थर काढायचा. कॉर्नवॉलच्या क्रीमला १९९८ पासून युरोपीय संरक्षित दर्जा आहे आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. कृती वाचताना लक्षात आलंच असेल, ही आपली सायच. डब्यातलं पातळ ‘फ्रेश क्रीम’ त्यात साधारण २५ टक्केच स्निग्धांश असल्याने ओघळून जातं. त्यापेक्षा म्हशीच्या निरशा दुधाची दोन दिवसांची साय सरस. फेटू नका, तशीच लावा.

डेव्हनमध्ये आधी क्रीम, मग जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, मग क्रीम. हे भांडण उच्चारापेक्षाही कडवं आहे: २०१८ मध्ये कॉर्नवॉलमधल्या लॅनहाइड्रॉक या वाड्याच्या जाहिरातीत क्रीम खाली आणि जॅम वर दिसला, तर तिथल्या लोकांनी एवढा गहजब केला की माफी मागायची वेळ आली. व्यवहाराने बघाल तर पदार्थ गरम असेल तेव्हा कॉर्नवॉलची पद्धत सोयीची, कारण साय गरम पृष्ठभागावर लगेच वितळते आणि मध्ये जॅमचा थर असला तर जरा तग धरते. पूर्ण गार झाल्यावर डेव्हनची. साय लोण्यासारखी पसरते आणि जॅम वरून घसरत नाही.

उरलेले हवाबंद डब्यात एक दिवस टिकतात. दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर पाच मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्ह टाळा, त्यात ते क्षणभर मऊ होतात आणि चहा ओतेपर्यंत रबर. जास्त करायचे असतील तर कापलेले कच्चे गोलच फ्रीझरमध्ये ठेवा आणि न वितळवता थेट भट्टीत टाका. तीन-चार मिनिटं जास्त लागतील.